निर्यातीचे कागद सोपे झालेत, पण कुणासाठी?



चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, माल परत सगळ्यात जास्त कशामुळे येतो? चामड्यामुळे नाही, शिलाईमुळे नाही. नंबरामुळे! गिऱ्हाईक म्हणतं, "आठ नंबर द्या." आता हा आठ ब्रिटिश मापातला असेल तर युरोपात तोच पाय साधारण ४२ चा होतो आणि अमेरिकेत पुरुषांच्या मापात ९ चा. पाय एकच, आकडे तीन. गिऱ्हाईक समोर असेल तर आपण म्हणतो, घालून बघा, आणि प्रश्न मिटतो. पण गिऱ्हाईक रॉटरडॅमला बसलेलं असेल तर?

परदेशी व्यापाराच्या कागदांचं कित्येक वर्षं हेच दुखणं होतं. एकाच मालाला इथल्या कस्टम्समध्ये एक नाव, जहाज कंपनीच्या कागदावर दुसरं, तिकडच्या बंदरावर तिसरं. माल तयार, पैसे ठरलेले, आणि पेटी गोदामात पडून. मोठ्या कंपनीला तेवढ्यासाठी माणूस ठेवता येतो. तुमच्या-माझ्यासारख्याचं भांडवलच त्या पेटीत अडकतं.

यावर जगानं जो उपाय काढला त्याला सरकारी भाषेत 'व्यापार सुलभीकरण' म्हणतात. नाव ऐकून झोप येते, मान्य आहे. अर्थ सोपा आहे. मालाला सीमा ओलांडताना लागणारे कागद, सह्या, हेलपाटे आणि वाट बघणं कमी करायचं, आणि जे उरेल ते सगळ्या देशांत शक्य तितकं एकसारखं करायचं. यात शुल्क कमी करण्याचा विषय येत नाही. हा सगळा मामला फक्त पद्धतीचा आहे.

एक उदाहरण घेऊ, आपल्या घरचंच. कोल्हापुरी चप्पल.

जगातल्या जवळपास सगळ्या देशांचं कस्टम्स मालाला एका आकड्यानं ओळखतं. त्याला एचएस कोड म्हणतात. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. यात पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात आणि त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापल्या सोयीनं लावतो. आपल्याकडे एकूण आठ आहेत. पहिले दोन म्हणजे प्रकरण, ६४ म्हणजे पादत्राणं. पुढचे दोन धरून ६४०३ म्हणजे चामड्याचा वरचा भाग असलेली पादत्राणं. आणि ६४०३ २० या सहा आकड्यांखाली काय लिहिलंय माहिती आहे? चामड्याचा तळ, आणि वर पावलावरून व अंगठ्याभोवतीनं जाणारे चामड्याचे पट्टे. म्हणजे आपली कोल्हापुरीच की! नाव कुठं घेतलेलं नाही, पण वर्णन तंतोतंत. हा कोड रॉटरडॅमच्या अधिकाऱ्याला दाखवला की 'कोल्हापुरी' हा शब्द त्यानं आयुष्यात ऐकलेला नसला तरी हातात काय आहे हे त्याला कळतं.

आता गंमत बघा. हल्ली टिकाऊ म्हणून, किंवा पावसात चालावी म्हणून, खाली रबरी तळ लावलेली कोल्हापुरी बाजारात खूप आहे. तिचा तळ चामड्याचा नाही, म्हणजे ती ६४०३ २० मध्ये बसत नाही. ती जाते ६४०३ ९९ मध्ये. वरचे पट्टेही रेक्झिनचे असतील तर ६४०२ सुरू झालं. (आपल्या हवाई चपलेला सुद्धा स्वतंत्र कोड आहे बरं का, ६४०२ २०. पट्टा तळात बोंडानं अडकवलेला असतो, त्यावरून ती ओळखली जाते.) दुकानात आपण तिन्हीला 'कोल्हापुरी पॅटर्न' म्हणून एका ओळीत विकतो. पण परदेशात पाठवताना हे तीन वेगवेगळे माल आहेत आणि तिकडचं आयात शुल्कही वेगवेगळं असू शकतं. शेजारच्या दुकानदारानं लावलेला कोड उचलून लावणारे लोक मला दर बॅचमध्ये भेटतात. कोड मालाचा असतो, धंद्याचा नाही.

याच विचारातून जगात इतरही कित्येक गोष्टी एकसारख्या झाल्या. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन निघालं, तिथून कंटेनरचा व्यापार सुरू झाला असं मानतात. पुढे कंटेनरचं माप ठरलं आणि न्हावा शेव्याची क्रेन कुठल्याही देशातून आलेली पेटी उचलू लागली. आपल्या इनव्हॉइसचंही तसंच आहे. वर डावीकडे पाठवणारा आणि त्याच्याखाली माल घेणारा, हा साचा १९६३ मध्ये युरोपसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात ठरला. आपण टॅलीतून प्रिंट मारतो तेव्हा कुणाच्या डोक्यात असतं हे?

सगळ्यात मोठं पाऊल मात्र अलीकडचं. डिसेंबर २०१३ मध्ये बालीला जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी व्यापार सुलभीकरणाचा करार मान्य केला. भारतानं त्याला एप्रिल २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला तो जगात लागू झाला. १९९५ मध्ये ही संघटना स्थापन झाल्यापासून सगळ्या सदस्यांनी मिळून केलेला हा पहिलाच असा करार. यात देशांनी काय कबूल केलं? आपले नियम आणि फी इंटरनेटवर उघड ठेवू. व्यापाऱ्यानं आधीच विचारलं तर कोड काय लागेल हे लेखी सांगू. माल पोचायच्या आधी कागद घेऊन तपासणी सुरू करू. नाशवंत माल आधी सोडू. आणि एकाच खिडकीवर सगळे कागद घेऊ, तेच तेच पुन्हा मागणार नाही.

आपल्याकडे याचा परिणाम दिसला का? दिसला. २०१५ मध्येच निर्यातीसाठी सक्तीचे कागद सातवरून तीनवर आणले गेले: इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मिळून एक, शिपिंग बिल, आणि जहाजाचं बिल ऑफ लेडिंग किंवा विमानाचं एअरवे बिल. आयातीचेही दहावरून तीनवर आले. एप्रिल २०१६ पासून आयातीला 'स्विफ्ट' नावाची एक खिडकी आली. जोडकागद आता ई-संचितवर अपलोड होतात. आयईसीचा नंबर म्हणजे तुमचा पॅन नंबरच, आणि त्याची फी ५०० रुपये. (दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती ऑनलाइन अपडेट करायची असते, काही बदललं नसलं तरीही. हे विसरलात तर आयईसी बंद पडतो.)

म्हणून "निर्यात म्हणजे मोठ्यांचं काम" हे वाक्य मला आता पटत नाही. आणि २५ हजार रुपये घेऊन फक्त आयईसी काढून देणारे कोर्स तर अजिबातच पटत नाहीत.

पण एक गोष्ट या कोर्सवाले सांगत नाहीत. कागद कमी झाले म्हणजे चुकीला जागा वाढली असं नाही, उलट जागा संपली. पूर्वी खिडकीपलीकडे माणूस बसायचा. "साहेब, हे नाव जरा वेगळं आलंय, पण कंपनी तीच आहे" असं त्याला सांगता यायचं. आता सिस्टीम बसते. आयातीत तर २०२० पासून तुमचा कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. तुम्ही काय लिहिलंय तेवढंच त्याला दिसतं, तुम्ही दिसत नाही.

याचा चटका देशातल्या निर्यातदारांना जीएसटी आल्या आल्या बसला. झालं असं की माल परदेशी पाठवताना भरलेला आयजीएसटी परत मिळतो आणि त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही, शिपिंग बिल हाच अर्ज धरला जातो. किती सोपं! कॉम्प्युटर जीएसटीआर-१ मधला इनव्हॉइस आणि शिपिंग बिलातला इनव्हॉइस जुळवतो, जुळलं की पैसे खात्यात. पण आपल्या व्यापाऱ्यांची जुनी सवय अशी की जीएसटीसाठी एक बिल आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी दुसरं, वेगळ्या नंबराचं. दोन्ही खरी, दोन्ही त्याच मालाची. कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी बिलं दिसली आणि त्यानं एरर दिला: एसबी ००५, इनव्हॉइस नंबर चुकीचा. देशभर परतावे अडकले. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये कस्टम्सला अधिकाऱ्यांमार्फत हातानं जुळवणी करायची सोय काढावी लागली आणि मार्चमध्ये परताव्यासाठी खास पंधरवडा चालवावा लागला.

पैशात मांडून बघा. धरून चला, तुम्ही ३,००० रुपयांच्या ६० जोड्या पाठवल्यात. माल झाला १,८०,००० चा. २,५०० च्या वरच्या चपलेला १८ टक्के, म्हणजे ३२,४०० रुपये कर तुम्ही आधी भरलात. जीएसटीआर-१ मध्ये बिल नंबर 'के/०१४' आणि शिपिंग बिलात नुसता '०१४', एवढ्यावर ते ३२,४०० अडकले. साठ जोड्यांवर तुमचा नफा किती होता? बहुतेकांचा हिशेब इथंच संपतो. त्या पैशात पुढच्या ऑर्डरचं चामडं यायचं असतं आणि कारागिराला उचल द्यायची असते.

एलयूटी भरून कर न भरता माल पाठवण्याचा मार्ग आहे, आणि छोट्या माणसानं तोच घ्यावा असं मी सांगतो. तो दर आर्थिक वर्षाला नव्यानं ऑनलाइन भरायचा असतो. पण त्यातही कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मागायला गेलात की पुन्हा तेच शिपिंग बिल आणि तेच बिल नंबर समोर येतात.

म्हणून माझ्या बॅचमध्ये मी पहिल्या दिवशी फॉर्म शिकवत नाही. मी एक कागद करायला लावतो. त्याला आम्ही माल-पत्रक म्हणतो. एक्सेलमध्ये करा, वहीत करा, काही फरक पडत नाही. दर मालाला एक. त्यात मालाचं वर्णन एका वाक्यात, कायमचं ठरवून टाकायचं: तळ कशाचा, पट्टा कशाचा, पुरुषांची की बायकांची. एचएस कोडचे आठ आकडे. मोजायचं एकक. हे एकक हसण्यावारी नेऊ नका. पॅकिंग करणारा मुलगा १२० नग लिहितो, बिल करणारा ६० जोड लिहितो, आणि दोघंही बरोबर असतात! पादत्राणं कस्टम्समध्ये जोडीत मोजतात, तर सगळीकडे जोडच लिहा. मग एका जोडीचं वजन, खोक्यासकट वजन, एका कार्टनमध्ये किती जोड, कार्टनचं माप. मापाचे नंबर युरोपचे की ब्रिटिश हेही त्यातच.

आणि तुमचं नाव. पॅनवर 'श्री महालक्ष्मी फुटवेअर', बँकेत 'महालक्ष्मी फूटवेअर्स', जीएसटीवर मालकाचं नाव, हे आपल्याकडे सर्रास असतं. आइसगेटवर बँकेचा एडी कोड नोंदवताना तिथंच गाडी अडते. एक स्पेलिंग पक्कं करा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. हे काम ऑर्डर यायच्या आधी करायचं. ऑर्डर आल्यावर बँकेच्या फेऱ्या मारत बसलात तर रॉटरडॅमचं गिऱ्हाईक थांबणार नाही.

किंमत लिहितानाही जरा थांबा. 'एफओबी मुंबई' हे शब्द आपल्याकडे सगळेच लिहितात, माल विमानानं जात असला तरी. इनकोटर्म्स नावाचे जे अकरा व्यापारी शब्द आहेत (पहिल्यांदा १९३६ मध्ये ठरले, सध्याची आवृत्ती २०२० ची) त्यांच्यानुसार एफओबी फक्त जहाजासाठी आहे. विमान किंवा कुरिअर असेल तर एफसीए. शिपिंग बिलात कस्टम्ससाठी एफओबी किंमत वेगळी काढावी लागतेच, पण गिऱ्हाइकाशी केलेल्या करारात कुठला शब्द आहे यावर वाटेत माल भिजला तर नुकसान कुणाचं हे ठरतं. डीडीपी मात्र नवख्यानं कबूल करू नये. तिकडचं शुल्क आणि तिकडचा कर दोन्ही तुमच्या गळ्यात येतात.

पहिला माल कसा पाठवावा? माझं मत, पोस्टानं. हसू नका. जगातल्या सगळ्यात जुन्या एकसारख्या व्यवस्थांपैकी एक पोस्टाची आहे. जागतिक टपाल संघ १८७४ चा, भारत त्यात १८७६ मध्ये आला. परदेशी जाणाऱ्या पार्सलवर जो तेरा अक्षर-आकड्यांचा बारकोड असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी 'आयएन', तो जगभरच्या टपालात वाचला जातो. सीएन २२ आणि सीएन २३ हे कस्टम्सचे छोटे फॉर्म सगळ्या देशांत सारखेच असतात. २०२२ पासून पोस्टानं डाक घर निर्यात केंद्रं उघडली, आता देशात हजारावर आहेत. तिथं टपालाचं निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं, आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. चार जोड्यांचं सॅम्पल पाठवून बघा. तुमचं माल-पत्रक बरोबर आहे की नाही हे चार जोड्यांत कळलेलं बरं, साठ जोड्यांत कळण्यापेक्षा.

पण एक लक्षात ठेवा, सोपं केलेलं पुन्हा अवघडही होतं. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतलं पार्सल शुल्काशिवाय, अगदी कमी कागदांवर आत जायचं. कितीतरी घरगुती धंदे या एका सवलतीवर उभे होते. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं ती सगळ्या देशांसाठी बंद केली. शुल्क कोण गोळा करणार, कसं भरणार, हेच स्पष्ट नव्हतं, म्हणून आपल्या पोस्टानं त्याच्या आधीच अमेरिकेची बुकिंगं थांबवली. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. नेमका दिवाळीच्या आधीचा काळ, फराळापासून कपड्यांपर्यंतच्या पार्सलांचा. ज्यांचं एकच देशाचं गिऱ्हाईक होतं त्यांचं सीझन गेलं. म्हणून दोन देश धरा. एचएस कोडचे सहा आकडे सगळीकडे सारखे असल्याचा खरा फायदा इथं होतो. तुमचं अर्धं माल-पत्रक दुसऱ्या देशाला तसंच्या तसं चालतं.

आणखी एक गैरसमज. कागद सोपे झाले म्हणजे मालाचे नियमही सैल झाले, असं नाही. युरोपात कातडीला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत क्रोमियम-६ किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. २०१५ पासूनचा नियम आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात क्रोमियमचा प्रश्नच यायला नको, ही आपली जमेची बाजू. पण "आमचं पारंपरिक आहे" हे तोंडी सांगून तिकडे कुणी ऐकणार नाही. चामडं देणाऱ्याकडून लेखी घ्या आणि एका लॉटची लॅबमध्ये तपासणी करून रिपोर्ट जवळ ठेवा. अस्तराला आणि आतल्या पट्टीला क्रोमवालं चामडं वापरलेलं असतं, तेही बघा.

चपलेवाल्यांना पुठ्ठ्याचं कार्टन पुरतं, पण तुमच्यात पितळी समया, दगडी पाटा-वरवंटा, यंत्राचे सुटे भाग पाठवणारे पण आहेत. ते माल लाकडी पेटीत किंवा पॅलेटवर ठेवतात. त्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवाच. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवल्याचा तो पुरावा असतो, म्हणजे लाकडातली कीड दुसऱ्या देशात जात नाही. शिक्क्यावर देशाचा कोड, पेटी करणाऱ्याचा नंबर आणि 'एचटी' असं असतं. शिक्का नसेल तर आतला माल कितीही चांगला असो, पेटीसाठी माल अडतो. वखारीतून स्वस्तात आणलेल्या फळ्यांची पेटी ठोकू नका. पेटीवाल्याला आधी विचारा, शिक्का मारायचा परवाना आहे का.

कस्टम्स ब्रोकर, ज्याला सगळे अजून सीएचएच म्हणतात, तो लागतो का? विमानानं किंवा जहाजानं मोठा माल जात असेल तर घ्या. मी दुकानदार आहे, ब्रोकर नाही, आणि पहिल्या दोन-तीन खेपांना जाणत्या माणसाचा हात असलेला बरा. फक्त त्याच्या हाती कोरा लेटरहेड देऊ नका. माल-पत्रक द्या, आणि त्यानं भरलेलं शिपिंग बिल जायच्या आधी चेकलिस्ट मागवून स्वतः वाचा. ती चेकलिस्ट व्हॉट्सअपवर येते, पाच मिनिटांचं काम आहे. बिल नंबर, तारीख, जोड, वजन, कोड, बँक, एवढं बोटानं जुळवा. माल गेल्यावर दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी अर्ज, फी आणि वाट बघणं आलंच.

नियमित धंदा झाला की पुढची पायरी एईओची, म्हणजे कस्टम्सनं 'हा भरवशाचा व्यापारी' म्हणून दिलेली मान्यता. तपासण्या कमी होतात. लघुउद्योगांसाठी अट सैल केलेली आहे, वर्षात पंचवीसऐवजी दहा शिपिंग बिलं किंवा आयातीची बिलं पुरतात. दहा हा आकडा काही फार लांबचा नाही.

पुढच्या व्हिडिओत आइसगेटची नोंदणी स्क्रीनवर करून दाखवणार आहे. तोपर्यंत तुमचं पॅन कार्ड, बँकेचा रद्द केलेला चेक आणि जीएसटीचं सर्टिफिकेट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हीवरचं नाव अक्षरन् अक्षर लावून बघा. वेगळं निघालं तर आधी बँकेत जाऊन या, मग व्हिडिओ बघा.